खारेपाटातल्या खांडी बुजवायच्या, की तिवरांना जागा द्यायची?

खारेपाटकर
अलिबाग, पेण, पनवेलच्या खाडीकाठच्या खारेपाटातली भातशेती दरवर्षी थोडी थोडी खाडीत जाते आहे. उधाणात बांध फुटतो, खांड पडते, ती बुजली नाही की पुढच्या उधाणात रुंदावते. माझं मत स्पष्ट आहे. उधाण दर पंधरवड्याला येतं, म्हणून अवसेला पडलेली खांड पुनवेच्या आत बुजलीच पाहिजे. खारभूमी खात्याने निविदा, मंजुरी, निधी असं करत हंगाम घालवू नये.

घाई का, ते सांगतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. मातीची क्षारता विद्युतवाहकतेने मोजतात. ती मीटरला 3 डेसीसायमनच्या वर गेली की भाताचं उत्पादन घटू लागतं, आणि समुद्राचं पाणी असतं 50 च्या आसपास. एवढ्या खाऱ्या मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. रोप पाण्यात उभं असूनही तहानलेलं राहतं, आत शिरलेलं सोडियम पानं करपवतं. लावणीचं कोवळं रोप आणि फुलोऱ्यातलं भात यांना सगळ्यात जास्त फटका बसतो.

तरी आपल्या वाडवडिलांनी इथे भात पिकवलं, कारण कोकणात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मृगाचं पाणी शेतात कोंडायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, सोडून द्यायचं, पुन्हा कोंडायचं. वरची माती धुतली की लावणी. ही सगळी शेती बांध आणि उघाडीच्या दारावर उभी आहे. खांड उघडी राहिली तर पावसाने धुतलेलं शेत पुढची भरती पुन्हा खारं करते.

आणखी एक. खांडीतून रोज भरती आत येऊ लागली की तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, आपोआप रुजतं. 2005 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवन, म्हणजे हेच तिवराचं रान, तोडायला बंदी आली, 2018 च्या निकालाने ती पक्की झाली, आणि जमीन खासगी असली तरी सुटका नाही. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचं, पण पाय ठेवायची चोरी.

भरतीओहोटी
पूर्ण असहमत. ही जमीन मुळात खाडीची. शिलोतरदारांनी, म्हणजे खारजमीन लागवडीला आणणाऱ्या जुन्या वतनदारांनी, बांध घालून ती खाडीकडून घेतली. खाडी जितकी अरुंद केली, तितकी भरतीला पसरायला जागा कमी. मग पाणी बांधावर चढणारच. त्यात समुद्राची पातळीही वाढते आहे. आज दगडाचा बांध घालाल, उद्या तो उंच करावा लागेल.

तिवर काय करतं ते बघा. मुळाशीच बरंच मीठ अडवतं, उरलेलं पानांतून बाहेर टाकतं. पानावरून बोट फिरवून चाटून बघा, खारट लागेल. चिखलातून वर येणारी श्वासमुळं गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात. कोळंबीची, खेकड्यांची पिल्लं तिथेच वाढतात. सगळी जमीन भातासाठीच हवी, हा हट्ट कशासाठी?

खारेपाटकर
बांधाच्या बाहेर, खाडीच्या बाजूला तिवर हवंच. त्यामागचा बांध टिकतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. प्रश्न बांधाच्या आतल्या तिवराचा आहे. ते खांड वर्षानुवर्षं तशीच ठेवल्यामुळे आलं. त्याला निसर्गाचा हक्क म्हणायचं आणि किंमत कुळाच्या नातवाने मोजायची? 1933 पासून अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं संप केला तो याच खारेपाटातल्या भातासाठी. खोताकडून सुटलेली जमीन दुरुस्तीअभावी सोडून द्यायची हे मला मान्य नाही.

मातीपरीक्षक
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटते आहे. पाण्यातलं मीठ वेगळं आणि मातीच्या कणाला चिकटलेलं सोडियम वेगळं. मीठ पावसाने धुतलं जातं. पण जमीन बरीच वर्षं खाऱ्या पाण्याखाली राहिली की सोडियम चिकणमातीत ठाण मांडतं. मग गोड्या पाण्याने मीठ निघून गेलं की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, वाळल्यावर माती दगडासारखी होते. तेव्हा जिप्सम लागतं. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो, आणि ते सोडियम वाहून न्यायला पुन्हा निचरा लागतोच.

म्हणून "खांड बुजवली की पुढच्या वर्षी भात" असं सरसकट म्हणू नका. एका उन्हाळ्यात खारं पाणी येऊन गेलेलं शेत आणि दहा वर्षं भरतीखाली असलेलं शेत यांचे उपाय वेगळे. क्षारतेबरोबर सामू (पीएच) आणि सोडियमचं प्रमाणही तपासून घ्या. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या 'पनवेल' नावाच्या भातजाती खारटपणा सोसतात, पण त्यांनाही मर्यादा आहे.

सांगली-कोल्हापूरची क्षारपड उलट कारणाने झाली. तिथे समुद्र नाही. उसाला पाटाने अतोनात पाणी दिलं, काळ्या मातीत निचरा नाही, भूजल वर आलं आणि उन्हाने पाणी उडून क्षार वर राहिले. तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून पाणी काढावं लागतं.

जिताडा_तलाव
आमची जमीन खांडीत गेली तेव्हा रडत बसलो नाही. आता तलावात जिताडा मासा आणि कोळंबी करतो. जिताडा गोड्या पाण्यातही वाढतो, निमखाऱ्यातही. अंडी घालायला मात्र खाडीच्या तोंडाशी जातो. त्याची पिल्लं भरतीबरोबर आत येतात. एकरी भातापेक्षा पैसा जास्त. मग बांधासाठी भांडायचं कशाला?

गावकीण
कशाला ते मी सांगते. तुमच्या तलावाचं खारं पाणी बांधाखालून झिरपतं आणि शेजारच्या शेतात उन्हाळ्यात पांढरा थर येतो. आणि विहिरी? गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर ढोबळ हिशोबाने खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं. म्हणजे वरचं मीटरभर उपसलं किंवा आटलं की खारं पाणी किती वर सरकेल, तुम्हीच बघा. मासे तुम्ही विकता, हंडा घेऊन टँकरची वाट आम्ही बायका बघतो. भातशेती असताना पावसाळाभर गोडं पाणी शेतात कोंडलेलं असायचं, जमिनीत मुरायचं. मला बांध हवा तो भातापेक्षा त्या पाण्यासाठी.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात खाजन शेतीत, म्हणजे तुमच्या खारेपाटासारख्या बांधाआडच्या शेतीत, भात आणि मासे दोन्ही चालायचं. पावसात कोरगुट भात, भात कापल्यावर मानशीतून खारं पाणी आत घेऊन मासे. मानस म्हणजे तुमची उघाडी. बांधाची राखण गावकारीकडे, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेकडे, पुढे कुळांच्या संघटनेकडे. पण मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि जो ती घेतो त्याला दार उघडं राहिलेलं फायद्याचं. म्हणून कितीतरी खाजनांत आता खारं पाणी वर्षभर आत. दार कुणाच्या हातात, यावर सगळं ठरतं. तुमच्याकडे खांड कोण बुजवतं?

खारेपाटकर
पूर्वी गाव बुजवायचं, घरटी माणूस जायचा. सरकारी योजनेत गेलेल्या बांधाचं काम खात्याचं, म्हणून गाव थांबतं, आणि खातं निधीसाठी थांबतं. माझी मागणी अशी. खांड पडली त्या दिवशी तलाठ्याने पंचनामा करावा आणि तारीख नोंदवावी. त्या तारखेनंतर बांधाच्या आत उगवलेलं तिवर कांदळवन म्हणून नोंदवू नये. आणि तातडीच्या दुरुस्तीचा खर्च ग्रामपंचायतीच्या हाती द्यावा.

भरतीओहोटी
पंचनामा आणि पंचायतीच्या हाती पैसा, दोन्हीला पाठिंबा. मधल्या मागणीला कडाडून विरोध. ही सूट मिळाली तर शेतकऱ्याआधी बिल्डर पोहोचेल. जुन्या तारखेचा पंचनामा करून घेईल, तिवर कापेल आणि भराव टाकेल. उरण-पनवेलकडे तिवरात राडारोडा टाकून जमिनी कशा तयार झाल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

गावकीण
मग सूट फक्त भातासाठी द्या. बिनशेती झाली की ती जमीन पुन्हा कांदळवनात, असं सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आधीच लिहून घ्या. यावर तुमचं काय म्हणणं आहे, भरतीओहोटी?