शिबिराला बायका येत नाहीत म्हणे!

गोदाकाठची: काल एका डॉक्टरसाहेबांची पोस्ट फिरत होती. नाशिकच्या आदिवासी भागात, सुरगाण्याकडे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची फुकट तपासणी ठेवली, बायका फिरकल्या नाहीत, ‘अडाणीपणाला औषध नाही’. साहेब, ऐन भाताच्या आवणीत शिबिर ठेवलंत! चिखलातली बाई मजुरी बुडवून शाळेच्या खोलीत अर्ध्या पडद्याआड टेबलावर झोपायला येईल? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात 30 ते 49 वयाच्या जेमतेम 1.9 टक्के बायकांनी ही तपासणी कधीतरी केलेली. म्हणजे नाशिक शहरातल्या गंगापूर रोडच्या शिकलेल्याही गेल्या नाहीत. मग त्याही अडाणी का?

सिडकोवाला: झालं सुरू. काळ्या-गोऱ्यांचं रडगाणं अमेरिकेत ठीक आहे, इथं आदिवासी-बिगरआदिवासी कशाला घुसडता? यायचं नाही ते नाही.

दिंडोरीची सिस्टर: अमेरिका तुम्ही काढलीत, मग ऐका. काळ्या बायका या कॅन्सरने जास्त मरतात हे तिथं ठाऊक होतंच. 2017 मध्ये गर्भाशयाची पिशवी काढलेल्या, म्हणजे हा कॅन्सर होऊच न शकणाऱ्या बायका हिशेबातून वगळल्या, तर फरक आणखी मोठा निघाला. आपल्याकडे पिशव्या कोण मोजतं? माझ्या जाऊबाईंच्या अंगावरून पांढरं जायचं. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, ‘सूज आहे, काढा, नाहीतर कॅन्सर होईल.’ तिशीच्या आत पिशवी गेली. फायलीत सोनोग्राफी आहे, बिल आहे. गर्भाशयमुखाच्या तपासणीचा कागद नाही.

सिडकोवाला: माझ्या आईची काढली म्हणून ती आज आहे. सगळे डॉक्टर चोर का?

गोदाकाठची: आईंना उदंड आयुष्य लाभो. पण बीडच्या ऊसतोड बायकांचं 2019 ला पेपरात आलं ते काय सगळं खोटं? पाळीमुळे कामाला खाडा नको म्हणून पिशवी काढायची!

सिडकोवाला: बीड कुठं, नाशिक कुठं! विषय काय, चाललंय काय.

दिंडोरीची सिस्टर: विषय हाच आहे, दादा. तपासणीला व्हिनेगरसारखं पातळ अॅसेटिक अॅसिड लागतं, कापूस लागतो आणि शिकवलेली बाई. ते गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हेच केलं, 12 वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तिथं तपासायला डॉक्टर नव्हते, शिकवलेल्या साध्या बायका होत्या. वेळेत डाग सापडला तर बहुतेकदा पिशवी काढावी लागत नाही.

सिडकोवाला: बरं बाई, आवणीचं मान्य. दिवाळीनंतर ठेवा, मग बघतो किती उड्या पडतात.

गोदाकाठची: दिवाळीनंतर त्या गावात कुठं? निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत असतात. तिथंच तपासणी न्या, बागायतदारांनी अर्ध्या दिवसाची मजुरी द्यावी.

निफाडकर: वा! आमच्याच खिशातून? अवकाळीने मणी तडकले तेव्हा कोण आलं होतं? फवारणीच्या औषधांचे भाव बघा, व्यापारी पैसे बुडवून पळतो ते बघा, मग मजुरीचं बोला.

दिंडोरीची सिस्टर: मजुरी नको. पडदा लावायला शेडची एक बाजू द्या, आणि तेवढा वेळ मुकादमाला लांब बसवा.

निफाडकर: शेड घ्या. मुकादमाशी तुम्हीच बोला.