कुपवाड एमआयडीसीहून कसबे डिग्रजला सायकलने घरी: अंधार, थंडी आणि उसाच्या ट्रॉल्या

डिग्रजवाला

नमस्कार मंडळी. जनरल शिफ्ट साडेपाचला सुटते. कुपवाड एमआयडीसी, तिथून सांगली, मग पूल ओलांडून पेठ रस्त्याने कसबे डिग्रज, असं साधारण पंधरा किलोमीटर. सायकल साधी काळी, २८ इंची, रॉडचे ब्रेक, डायनामो बसवलेला. दिवाळीपर्यंत काही वाटत नव्हतं, आता पुलापाशी येईपर्यंतच अंधार पडतो. डायनामोच्या उजेडात खड्डा दिसतो तो चाक आत गेल्यावर. स्वेटर आणि कानटोपी घातली तर पहिली दहा मिनिटं गारठा आणि पुढे घामाघूम. त्यात साखर कारखाने सुरू झालेत, म्हणजे रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या. नवी सायकल घ्यायची नाही. थोडेच पैसे आहेत, तर आधी कशावर घालू?

पाना_पक्कड

आधी मागच्या बाजूवर. स्वेटर, हातमोजे, हेडलाइट सगळं त्यानंतर.

तुमचा रस्ता नीट बघा. कुपवाडहून सांगलीकडे आणि पुढे डिग्रजकडे तुम्ही जवळजवळ सगळा वेळ पश्चिमेला तोंड करून जाता. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तोही नैऋत्येकडे कललेला. म्हणजे साडेपाच ते सहा तो थेट डोळ्यांत, आणि तुमच्या मागून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरच्याही डोळ्यांत. त्याला समोर चकाकणारी काच दिसते, सायकल दिसत नाही. या अर्ध्या तासात रेडियम पट्टी काही कामाची नाही, कारण तिच्यावर पडायला कुणाचा हेडलाइटच चालू नसतो. तेव्हा गेटमधून बाहेर पडतानाच मागचा लाल दिवा लावा, उजेड असला तरी. मावळल्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत पुरता अंधार. तुम्ही तासाभरात घरी पोचत असाल तर अर्धा रस्ता उन्हाच्या तिरिपीत आणि अर्धा अंधारात.

मागचा दिवा चार्जिंगचा घ्या, डायनामोवरचा नको. डायनामोवरचा दिवा सायकल थांबली की विझतो, आणि चौकात मागून धडक बसायची ती थांबलेलं असतानाच. दिवा सीटच्या खांबाला किंवा मडगार्डला बांधा. कॅरिअरखाली बांधला तर डब्याची पिशवी लोंबली की झाकून जातो, आणि ते आपल्याला मागे वळून बघेपर्यंत कळत नाही.

पुढचा दिवा ३००-४०० ल्युमेनचा पुरे. हजारवाला घेऊन समोरच्याचे डोळे दिपवू नका, दिपलेला माणूस सरळ तुमच्याच अंगावर येतो. दिवा किती खाली झुकवायचा त्याचा हिशोब असा: पंधराच्या वेगाने खड्डा दिसून, ब्रेक लागून सायकल थांबेपर्यंत दहा-अकरा मीटर जातात, रॉडच्या ब्रेकने तर नक्कीच. म्हणून झोताचा मधला भाग दहा मीटरवर जमिनीला टेकला पाहिजे. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करा, झोताचा मध्य भिंतीवर ४५ सेंटिमीटर उंचीला आणा आणि स्क्रू आवळा. अंधार पडल्यावर पाच मिनिटांचं काम आहे.

ऊसपट्टा

ट्रॉल्यांबद्दल. भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत पंधराच्या आसपास चालतो, म्हणजे तुमच्याच वेगाने. सगळा घोळ तिथेच आहे. ट्रक येतो आणि निघून जातो. ट्रॅक्टर मात्र शेजारीच रेंगाळतो.

ओलांडायचा मोह होतो. हिशोब करा: तुम्ही जीव तोडून वीसने मारली तरी फरक ताशी पाच किलोमीटरचा. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि मागेपुढे थोडी जागा धरून तीस मीटर म्हटले तर वीस-बावीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तुम्ही रस्त्याच्या मध्यावर सव्वाशे मीटर गेलेले असता. समोरून येणाऱ्या गाडीला हे दिसत नाही, कारण तुमच्या बाजूला उसाचा डोंगर उभा आहे. ओलांडू नका. पंधरा-वीस मीटर मागे राहा. त्याहून जवळ गेलात तर वरून मोळी सुटली की अंगावर, आणि पुढचा खड्डा ट्रॉलीच्या चाकाखालून अचानक बाहेर येतो.

ट्रॉलीला धरून जाणारी पोरं दिसतात. दोन्ही ट्रॉल्या नुसत्या पिनेवर अडकवलेल्या असतात, मागची डावी-उजवीकडे हेलकावते. तिला हात लावायचा नाही, विषय संपला.

मागून ट्रॅक्टर तुम्हाला ओलांडायला लागला तर वेगळं गणित. ड्रायव्हरचं लक्ष ट्रॅक्टरपुरतं. त्याच्या हिशोबाने तुम्ही मागे पडलात की तो डावीकडे घेतो, दुसरी ट्रॉली अजून तुमच्या शेजारीच असते. वळणावर ती आणखी आत कापते आणि बाजूने बाहेर आलेले ऊस खांद्याच्या उंचीला असतात. म्हणून ट्रॅक्टरचं इंजिन कानाशी आलं की पायडल मारणं थांबवा, हळू करा, त्याला पूर्ण जाऊ द्या. साइडपट्टीवर उतरायचं तर आधी थांबून, पाय टेकून. चालत्या सायकलवरून डांबराची कड तिरकी उतरलात की पुढचं चाक कडेला घासतं आणि सायकल आडवी.

रस्त्यावर पडलेला ऊस दिसला तर त्याच्यावरून काटकोनात जा, हँडल सरळ, ब्रेक सोडलेला. त्याच्यावर ब्रेक दाबला की कांडं चाकाखाली रुळासारखं फिरतं. वाहनांखाली चिरडलेला ऊस आणि पाचट यांचा थर तर गुळगुळीत असतो. शेतातून ट्रॉली जिथे डांबरावर चढते तिथे दोन्ही बाजूंना पन्नासेक मीटर चिखलाचे गोळे पडलेले असतात. ही तोंडं ऊसतोड पुढे सरकेल तशी बदलतात, त्यामुळे कालचा रस्ता आज पाठ आहे असं समजू नका.

डिग्रजवाला

दोघांचे आभार. सूर्याचं डोक्यातच आलं नव्हतं. मागे डायनामोची तार गेलेली आहे पण दिवा लागत नाही, आणि हल्ली पुढचा बल्बही महिन्याला उडतो. मडगार्डला रेडियम लावलेलं आहे, लाल. ते पुरेल का?

पाना_पक्कड

पुढचा बल्ब उडतो तो मागचा लागत नाही म्हणूनच. साधा डायनामो ६ व्होल्ट ३ वॅटचा. त्यातले २.४ वॅट पुढच्या बल्बला, ०.६ मागच्याला. मागचा बंद पडला की सगळा जोर पुढच्यावर, उतारावर वेग घेतला की बल्बमधली तार जळते. आधी मागचं दुरुस्त करा. डायनामोतून एकच वायर निघते, परतीचा रस्ता सायकलच्या सांगाड्यातून. म्हणजे मागच्या दिव्याची पट्टी जिथे मडगार्डला बोल्टने बसते तिथे गंज किंवा रंग असला तर वायर शाबूत असूनही दिवा लागत नाही. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा. शंभरात नव्वद वेळा एवढंच असतं. चार्जिंगचा दिवा घेतलात तरी हा चालू ठेवा, पुढच्या बल्बसाठी. आणि डायनामोतून एसी करंट येतो, तेव्हा बाजारातला कुठलाही एलईडी उचलून जोडू नका. आत रेक्टिफायर नसेल तर तो लुकलुकतो आणि लवकर मरतो.

रेडियमची परीक्षा घ्या. आपल्याकडे प्रत्येक चकचकीत स्टिकरला रेडियम म्हणतात, पण दुकानात नंबरप्लेट कापून उरलेला बराचसा माल नुसता रंगीत असतो, उजेड परत फेकत नाही. अंधारात सायकलपासून वीस मीटर मागे जा, बॅटरी डोळ्याच्या अगदी शेजारी धरून पट्टीवर मारा. पेटल्यासारखी दिसली तर खरी. बॅटरी कमरेपाशी धरून बघितलंत तर खरी पट्टीसुद्धा मंद दिसेल, कारण ती उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते. खऱ्या पट्ट्या तीन जागी हव्यात: मडगार्डच्या टोकाला, मागच्या दोन्ही दांड्यांवर आणि पायडलच्या मागच्या कडेला. पायडलवरची सगळ्यात महत्त्वाची. वरखाली होणारा ठिपका बघून ड्रायव्हरला लांबूनच कळतं की ही सायकल आहे, मैलाचा दगड नव्हे. पट्टी लावायच्या आधी जागा रॉकेलने पुसा, मग साबणाच्या पाण्याने, आणि वाळू द्या. धुळीवर चिकटवलेली आठवड्यात सुटते.

गारठा

थंडीचं मी सांगतो. सांगलीत जानेवारीत पहाटे १३-१४ अंश, संध्याकाळी सहा-सातला त्याहून बरंच जास्त. ही थंडी फार नाही. सायकलवर जाणवतो तो वारा. पंधराच्या वेगाने वारा नसतानाही छातीवर तेवढा वारा लागतोच. लोकरीचा स्वेटर वारा अडवत नाही, घाम मात्र धरून ठेवतो. म्हणून तुमची तक्रार दोन्हीकडची आहे: सुरुवातीला गारठा, नंतर घाम.

आत सुती बनियनऐवजी खेळायचा पातळ जाळीचा टीशर्ट, वर शर्ट, वर पातळ विंडचीटर, बस. विंडचीटर नसेल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची दोन पानं दुमडून ठेवा. जुनी युक्ती आहे, फुकट आहे, आणि चालते. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. गेटपाशीच उबदार वाटत असेल तर सांगलीच्या विश्रामबागेत घाम फुटणार. सांगलीत विंडचीटरची चेन खाली ओढा आणि पुलाआधी परत वर घ्या, कारण नदीवर वारा आडवा लागतो. पुढे उसातला सखल पट्टा. निरभ्र रात्री गार हवा अशा खोलगट जागी साठते आणि पाणी पाजलेल्या शेतांतून ओलावा येतो, तिथे दोन अंशांचा फरक सहज जाणवतो. वाटेत चहाला थांबणार असाल तर विंडचीटर काढू नका, ओल्या पाठीने पाच मिनिटं बसलं की हुडहुडी भरते.

कानटोपी नको. मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू यायला हवा. कानावरून पातळ पट्टी घ्या. मफलर घेतलात तर दोन्ही टोकं विंडचीटरच्या आत, लोंबतं टोक चाकात गेलं तर संपलंच. उजव्या पँटला क्लिप. डोळ्यांना बिनरंगी चष्मा हवाच: नदीजवळ चिलटं, ट्रॉलीमागे भुसकट. पाचट पेटवलेलं असेल त्या दिवशी धूर वर जात नाही, रस्त्यावरच तरंगतो, कारण वरची हवा खालच्यापेक्षा गरम असते. तोंडाला रुमाल बांधला की चष्म्यावर वाफ धरते, तेव्हा रुमाल नाकावर घट्ट बसवा.

सोल्यूशन_ठिगळ

दिव्यांवरच सगळे बोलताहेत, टायर कुणी बघत नाही.

हिवाळ्यात इकडे पंक्चर वाढतात. पावसाळ्यात उगवलेला सराटा आता वाळलेला असतो आणि त्याचे काटे साइडपट्टीवर पसरलेले असतात. रोज पोचल्यावर टायरवरून जाड फडकं फिरवा, रुतलेला काटा त्याच दिवशी काढा. तो पहिल्या दिवशी ट्यूबपर्यंत जात नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी जातो.

तुमच्या सायकलचं मागचं चाक वाटेत काढू नका, चेनकव्हर आणि ब्रेकचे रॉड सोडवत बसाल. चाक तसंच ठेवून टायरची डावी बाजू टायर काढायच्या पट्टीने उचला, ट्यूब तेवढीच बाहेर ओढा, भोक गालाजवळ फिरवून शोधा. पाणी लागत नाही. पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशन लावून पाच मिनिटं वाळू द्या, मग ठिगळ. ओलं असताना चिकटवलेलं ठिगळ पुलापर्यंतसुद्धा टिकत नाही. जवळ ठेवायचं: दोन पट्ट्या, सोल्यूशन, ठिगळं, छोटा पंप आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे दोन तुकडे. ही रबरी नळी वाळून चिरते, मग पंक्चर नसताना हवा जाते आणि आपण ट्यूब तपासत बसतो.

हवा: दुपारच्या उन्हात ५० पौंड भरलेली रात्री तीन-चार पौंड कमी होते, ती गळती नव्हे. आपल्या व्हॉल्व्हला मीटर लागत नाही, तेव्हा अंदाजाने बघा. तुम्ही बसल्यावर मागच्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग चार बोटांएवढा असावा. त्याहून लांब असेल तर खड्ड्यात ट्यूब रिंगवर चिमटून दोन समांतर भोकं पडतात. काही जण थंडीत पकड मिळावी म्हणून हवा कमी करायला सांगतात. इथे बर्फ पडत नाही, पूर्ण भरा.

चेनला खोबरेल तेल लावणारे अजून आहेत. ते २४ अंशांखाली थिजतं, धूळ धरतं आणि चेनचा गुळांबा होतो. शिलाई मशीनचं पातळ तेल, कडीकडीवर एक थेंब, आणि वरचं सगळं पुसून टाका.

ऊसपट्टा

मागचा दिवा लुकलुकता की स्थिर, यावर कुणी बोललं नाही. माझं मत स्थिर. लुकलुकणारा लवकर नजरेत भरतो, पण किती लांब आहे ते मागच्याला नीट कळत नाही.

पाना_पक्कड

अंधारात स्थिर, मान्य. पण सूर्य समोर असताना लुकलुकताच ठेवा, त्या चकाकीत स्थिर दिवा दिसतच नाही. पुलावर बदला.

डिग्रजवाला

शेवटचा एक. पंधरा दिवसांनी सेकंड शिफ्ट आहे, रात्री साडेअकराला सुटेल. तेव्हा वेगळं काही?

सोल्यूशन_ठिगळ

दव. शेडबाहेर उभ्या सायकलच्या रिंगा तोपर्यंत ओल्या झालेल्या असतात, आणि पॉलिशच्या लोखंडी रिंगवर ओला रबर जवळजवळ धरतच नाही. रॉडचा ब्रेक रिंगच्या आतल्या बाजूला लागतो, पाणीही तिथेच थांबतं. निघण्याआधी दोन्ही रिंगा आतून फडक्याने पुसा, आणि पहिले दोनशे मीटर दोन्ही ब्रेक हलके टेकवून चालवा. पुढे प्रत्येक चौकाआधी पुन्हा एकदा टेकवून बघा. डायनामोचा गोळा ओल्या टायरवर घसरत असेल तर तोही पुसा, स्प्रिंग ढिली असेल तर ब्रॅकेट टायरकडे किंचित सरकवून आवळा. आणि सीटवर पिशवी टाकून ठेवा, नाहीतर घरापर्यंत पँट ओली.