मदत हवी आहे: वाकण्याची भीती मोजायची कशी?

पेशंट शेतमजूर ताई, जुनी कंबरदुखी. एमआरआयमध्ये वयोमानाचेच बदल; पायात बधिरपणा नाही, लघवीची तक्रार नाही. तरी पडलेला रुमालसुद्धा कंबर ताठ ठेवून, गुडघे टेकून उचलतात. "मणका सरकेल" ही धास्ती.

वाचता येत नाही, म्हणून टॅम्पा स्केलची (हालचालीची भीती मोजणारी प्रश्नावली) १७ वाक्यं मीच वाचून दाखवली. ४, ८, १२, १६ ही उलट गुणांची, म्हणजे "हो" म्हटलं तर भीती कमी. त्यांनाही "हो"च म्हणतात. बेरीज ३७च्या वर, म्हणजे जास्त भीतीच्या गटात, गेली तरी भरवसा कसा ठेवायचा? एफएबीक्यू या भीतीने हालचाल व काम टाळण्याबद्दलच्या दुसऱ्या प्रश्नावलीतलं नुकसानभरपाईच्या दाव्याचं वाक्य तर त्यांना लागूच नाही.

ओपीडीत वेळ थोडा मिळतो. अशा वेळी उलट वाक्यं आणि आणखी दोन वगळलेलं ११ वाक्यांचं टॅम्पा घ्यावं, की निंदणी, घागर उचलणं यांचे फोटो दाखवून भीती ० ते १०० मध्ये विचारावी? न वाचणाऱ्या पेशंटवर कुणी यातलं काही वापरलंय का?