गोव्यातल्या नाताळचा हातचा खाऊ, नखेत्रं (चांदणीचे कंदील), गोठे (येशूजन्माचे देखावे)... तुमच्या आठवणी सांगा ना

मांडवीपार:
काल म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. चांदणीच्या कंदिलांपुढे ही गर्दी! गोठ्यात अंथरायला प्लॅस्टिकचं हिरवं गवतसुद्धा मीटरवर विकायला होतं. त्याच दुकानाच्या पायरीपाशी एक म्हातारी भाताच्या तणाच्या (पेंढ्याच्या) जुड्या घेऊन बसली होती. तणाचा वास आला आणि मी थेट आमच्या तियाच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) पोचले.

तिया म्हणजे शेजारची ख्रिस्ती आजी. सगळा वाडा तिला तियाच म्हणायचा. पणजीचं आठ डिसेंबरचं फेस्त (चर्चचा सण) आटोपलं की ती नाचणी भिजत घालायची. मग बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात ओली माती, तिच्यावर नाचणी दाट पसरायची आणि झाकण अंधाऱ्या खोलीत. कोंब पिवळे, लांब यायचे. मग उन्हात ठेवले की दोन दिवसांत हिरवंगार शेत. ते शेत गोठ्यापुढे मांडायचं काम आम्हा मुलांचं. माझी आई बघायची आणि म्हणायची, हे तर आपले नवरात्रातले घट.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं ताट. भेटीचा कागद वगैरे काही नाही, वर तियाने स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. आणि ताट लावायची तिची एक रीत होती. नेवऱ्या (करंज्या), दोदोल, दोस, पिनाग, पेराद (पेरूची वडी) हे सगळं एका बाजूला. बेबिंका (थरांचा गोड पदार्थ), बोलिन्हास (नारळाची बिस्किटं), बाथ (रवा-नारळाचा केक) वेगळ्या बशीत, कारण त्यांत अंडं. नाताळ सोमवारी आला तर ती दुसरी बशी त्या दिवशी यायचीच नाही, मंगळवारी सकाळी यायची. आमच्या घरी सोमवारी अंडं-मासे शिजत नाहीत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. २०२३ ला नाताळ सोमवारी आला तेव्हा तिया नव्हती. तिच्या सुनेनेही दुसरी बशी मंगळवारीच पाठवली. मला भरून आलं.

कुणीतरी माझ्यासाठी बसून, हाताने केलेली वस्तू मला विकतच्यापेक्षा शंभरपट मोठी वाटते. तुमच्याकडे काय काय व्हायचं? खाऊ, कागदकाम, भेटी गुंडाळायच्या तऱ्हा, काहीही लिहा.

हळसांदे:
कुलकुल!!! नवा कोरा कंगवा!! आमच्या शेजारी फक्त त्यासाठी कंगवा विकत आणायचे, तो वर्षभर पितळी डब्यात. मैदा, नारळाचं दूध, थोडं तूप, साखर, एक अंडं. सुपारीएवढी गोळी कंगव्यावर अंगठ्याने दाबायची आणि उलटी गुंडाळत आणायची. कड नीट दाबून बंद केली नाही तर तेलात उलगडतात. आम्ही सगळी पोरं टेबलाभोवती, मोठी माणसं तळणीपाशी. कंगवा नसेल तर काट्याच्या पाठीवर पण होतात. दूध वर आलंय, नंतर येते

डिचोलकर:
मी नखेत्रवाला. आमच्या वाड्यावर दिवाळीचा नरकासुराचा पुतळा झाला की उरलेला बांबू माळ्यावर जपून ठेवायचा, तो नाताळात बाहेर. दिवाळी आमची, नाताळ त्यांचा, पण बांबू एकच. आणि बनवणारी पोरंही तीच.
कृती अशी: बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा काड्या, नीट तासलेल्या. पाच काड्यांची एक चांदणी, अशा दोन. टोकं दोऱ्याने घट्ट बांधायची. मग दोन्ही चांदण्या एकावर एक ठेवून फक्त पाच टोकांना एकत्र बांधायच्या. आता आतल्या बाजूला जिथे काड्या एकमेकींना छेदतात तिथे पाच छोट्या काड्या दोघींच्या मध्ये उभ्या सरकवायच्या. झालं, पोट फुगतं. वर पतंगाचा कागद. एक त्रिकोण मागच्या बाजूला उघडा ठेवायचा, बल्ब घालायला.
पूर्वी साधा बल्ब तापायचा, कागद लांब ठेवावा लागायचा. आता एलईडीमुळे ती भीती गेली.

आबोली:
आणि राहिलेलं तण ३१ तारखेच्या जुन्या म्हाताऱ्याला (सरत्या वर्षाच्या पुतळ्याला)!! जुनी पँट, जुना शर्ट, आत तण ठासून. रस्त्यावर दोरी धरून गाड्या अडवायच्या आणि पैसे मागायचे. रात्री बाराला पेटवायचा.

हळसांदे:
@आबोली अगं हो! आमच्या बाबांचा चांगला शर्ट गेला होता एकदा त्या म्हाताऱ्याच्या अंगावर. बाबांनी ओळखला, पण फटाके वाजेपर्यंत गप्प राहिले :)

पोफळीबाग:
आम्ही फोंड्याचे. आमच्या घरीच गोठा व्हायचा, हिंदू घर असूनही. धाकट्या भावाच्या शाळेत स्पर्धा होती म्हणून सुरुवात झाली, मग दरवर्षी. आजोबा म्हणाले, गोठा करायला काय शिकायचंय, आपण पाडव्याला करतोच की. शेणाचा गोठा, कारिटांची गुरं. तेच हात, तीच रीत. फक्त कारिटांऐवजी मातीची गाय, मेंढरं, आणि मधे बाळ. माती शेतातली, चाळून, त्यात थोडं बारीक कापलेलं तण घालून मळायची म्हणजे सुकताना चिरत नाही. सावलीत वाळवायची. आजोबांनी केलेली गाय अजून आहे, एक शिंग मोडलंय. शेजारचे पाद्री बघायला आले तेव्हा आजोबांनी त्यांना पाट दिला, चहा दिला, आणि गायीबद्दलच बोलत बसले दोघं.

रानभेंड:
वा पोफळीबाग, काय छान लिहिलंस. आमच्या पेडण्यात पण पाडव्याला कारिटाची गुरं असतात.
एक विचारते. अंडं न घालता, ओव्हन नसताना पोरांबरोबर करता येईल असं काय आहे? भाड्याच्या खोलीत राहते, एकच गॅस.

सुरंगी:
रानभेंड, दोस कर. चणाडाळ मऊ शिजवून निथळून वाटायची, ओलं खोबरं वेगळं बारीक वाटायचं. एक वाटी डाळीला सव्वा ते दीड वाटी साखर, वाटीभर खोबरं, चमचाभर तूप, वेलची. मंद आचेवर कडा सोडेपर्यंत ढवळ. तूप लावलेल्या ताटात थापून काट्याने आडव्या-तिरक्या रेघा ओढायच्या, तेवढं पोरांना दे. गार झालं की शंकरपाळ्यासारखे तुकडे.

आता माझा विषय, गुंडाळणं! मी लहान मुलांचे वर्ग घेते, दर डिसेंबरला हेच करतो.
जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करायची, मागची कोरी बाजू वर. मोठी भेंडी आडवी कापायची, ती पाच कोनांची असते, तिचा ठसा म्हणजे चांदणीच. पोस्टरचा लाल-हिरवा रंग ताटलीत पातळ पसरून ठसे मारायचे. पोरं वेडी होतात. बांधायला रिबन नको, केळीच्या सोपटाची सुकवलेली दोरी. थोडी ओली करून वळायची, म्हणजे तुटत नाही. वर पेरवाचं (पेरूचं) पान नाहीतर दोन अबोली.
कागद किती घ्यायचा ते दरवेळी चुकतं लोकांचं. खोक्याभोवती एक पूर्ण फेरा अधिक दोन बोटं. आणि दोन्ही टोकांना खोक्याच्या उंचीच्या निम्म्याहून थोडा जास्त. याहून जास्त ठेवला की टोकाला गठ्ठा होतो.
आणि पोफळीची विरी (झावळीच्या देठाचं रुंद सोपट)! पडलेली विरी भिजवून दुमडली की पेटी तयार होते, झाडूच्या हिरांनी टाचायची. त्यात कुलकुल घालून दिले तर भांडं परत करायचा प्रश्न नाही.

मांडवीपार:
@सुरंगी भेंडी!! आजच करते लेकीबरोबर. कपड्यात बांधून देतेस का कधी? माझ्याकडे आजीच्या कुणबी साडीचे लाल चौकडीचे तुकडे आहेत, कापवत नाहीत.

सुरंगी:
कापूच नकोस. चौकोनी तुकडा असेल तर खोकं मधे तिरकं ठेव, समोरासमोरची दोन टोकं खोक्यावरून आत दुमड, उरलेल्या दोन टोकांची वर गाठ. जपानी लोक असंच बांधतात, फुरोशिकी. आपल्या आज्यापण असंच बांधायच्या की बोचकं. ज्याला देशील त्याला कपडाही मिळतो.

कोकमसार:
छान चाललंय. फक्त एक, काळजीने सांगतो. खाऊ वर्तमानपत्रात थेट गुंडाळू नका, मुलं हौसेने तेच करतात. शाईतली रसायनं तेला-तुपातून पदार्थात उतरतात, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही हेच सांगितलंय. आधी केळीचं पान घ्या. पान विस्तवावरून हलकं फिरवलं की मऊ पडतं, दुमडताना फाटत नाही. वरून मग वर्तमानपत्र, कॅलेंडर, काहीही.
आमच्याकडे पेराद असाच यायचा, केळीच्या पानात. पेरवाचा वास आणि पानाचा वास एकत्र. लिहितानाच तोंडाला पाणी सुटलं.

केपेकर:
आमच्या शेजारी दोदोल असायचा. तांब्याचं मोठं भाण, परसात तीन दगडांची चूल. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ. तासन् तास ढवळायचं, एकाचा हात भरून आला की दुसऱ्याने उलथनं घ्यायचं. माझे बाबा पण ढवळायला जायचे. तेल सुटून गोळा भाणाला चिकटेनासा झाला की झालं.
ते घर आता बंद आहे. आंटी गेल्या पावसात वारली. मुलगी इंग्लंडात, स्विंडनला. परवा तिने व्हिडिओ कॉल केला माझ्या आईला, नेवरी कातरायची कातण कशी धरायची विचारत होती. तिच्याकडे तिच्या आईची कातण आहे, बॅगेत घालून नेली. आई फोनसमोर पुरी लाटून दाखवत होती, तिकडे ती लाटत होती. सारणात तीळ-खसखस किती ते आईला माहीत, कारण आंटीला चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्यांचं सारण आईनेच शिकवलेलं. आता तेच परत जातंय तिच्या मुलीकडे.
आई नंतर बराच वेळ रडली.

आबोली:
अरे केपेकर... तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

मांडवीपार:
खरंच. आईला सांग, आम्ही सगळे वाचतोय. नेवऱ्या तिकडे पोचल्या हे किती चांगलं झालं.

तिसऱ्या:
मी फक्त बेबिंकेसाठी आलोय. २०२३ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा आमच्या वाड्यावर खरोखर फटाके वाजले. सात थर, एकेक थर भाजायचा, मग पुढचा ओतायचा. वरून नारळाच्या सोडणांचा (सालींचा) विस्तव. अर्धा दिवस मोडतो. अंड्याचे बलक इतके लागतात की पांढऱ्याचं काय करायचं हा प्रश्न. कुणी सांगेल का?

हळसांदे:
आले परत. तिसऱ्या, पांढऱ्याचे मेरिंग करायचे, काजू घालून. पोदेराकडे (पाववाल्याकडे) नेऊन द्यायचे, पाव भाजून झाल्यावर त्याची भट्टी निवत असते, त्या उरल्या धगीत हळूहळू सुकतात. आमचा पोदेर बाथ पण भाजून द्यायचा. ताटाला खडूने घरनंबर लिहायचा, नाहीतर अदलाबदल :)

रानभेंड:
सुरंगीताई, दोस केला!!! रेघा लेकाने ओढल्या, फार वाकड्या आहेत पण त्याने वॉचमनकाकांना पहिला तुकडा स्वतः नेऊन दिला. भेंडीचे ठसे रात्री.
केपेकर, माडाचा गूळ मडगावात कुठे मिळेल? इथल्या दुकानांत उसाचाच देतात.

केपेकर:
मडगावच्या बाजारात बघ. काळा असतो, शंकूच्या आकाराचा. हवेतला ओलावा ओढतो, घरी आणलास की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात घाल. रेंदेर (माडाची सूर काढणारे) कमी झाले त्यामुळे महाग झालाय, पण पिनागाला आणि दोदोलाला दुसरा चालत नाही. चव येत नाही, रंगही नाही.

कोकमसार:
पिनाग म्हटलात म्हणून. उकडे तांदूळ खरपूस भाजून दळायचे, गूळ-खोबऱ्याच्या पाकात मळायचे, हातानेच वळायचे. चूल कमी, हात जास्त. रानभेंडला तोही जमेल एका गॅसवर.

पोफळीबाग:
@डिचोलकर दोन फुटांच्या नखेत्राला मधल्या छोट्या काड्या किती लांब घेऊ? भाचा मागे लागलाय.

डिचोलकर:
पाच इंच. जास्त घेतल्या तर बांधलेली टोकं सुटतात. काड्या आदल्या रात्री पाण्यात घाला, वाकताना मोडत नाहीत. १९ ला मुक्तिदिनाची सुटी आहे, सकाळी बसलात तर संध्याकाळी टांगाल. कुठे अडलं तर फोटो टाका.

पोफळीबाग:
देव बरें करूं! आणि खळ की फेविकॉल?

डिचोलकर:
खळ. मैद्याची, पातळ. फेविकॉलने पतंगाचा कागद सुरकुततो.