पालकांना मानसिक आरोग्य शिकवणं हे शाळेचं काम आहे का?

खडूफळा
वर्षातून एकदा तज्ज्ञ बोलावून पालकांसमोर दोन तासांचं व्याख्यान ठेवायचं आणि कर्तव्य संपलं म्हणायचं, हे बंद व्हायला हवं. ज्यांना सर्वांत जास्त गरज असते ते पालक बहुधा येतच नाहीत. जे येतात त्यांच्या हाती "मुलांशी संवाद साधा" यापलीकडे काही लागत नाही.

शाळेने तीनच गोष्टी द्याव्यात: काय पाहायचं, पहिलं वाक्य काय बोलायचं आणि शाळेत कोणाला गाठायचं (एकच नाव, एकच नंबर). पाहण्यातच जास्त चुकतं. मुलांमधलं नैराश्य रडण्यातून दिसेलच असं नाही, पुष्कळदा ते चिडचिडीतून दिसतं. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीत थांबतं, म्हणून ते नाटक ठरत नाही. दुखणं खरंच असतं. झोप बिघडणं, आवडता खेळ सुटणं, मित्र तुटणं हे दोन आठवडे जवळजवळ रोज दिसलं तर मदत घ्यावी. मूल मरणाबद्दल बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर त्याच दिवशी.

मधलीसुट्टी
साफ असहमत. शिक्षक निदान करू लागले की मुलावर शिक्का बसतो, आणि तो पुढच्या इयत्तेतही सोबत जातो. शिवाय असल्या मोहिमांची पुढची पायरी म्हणजे सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घेणं. हिशोब करून बघा. १००० मुलांपैकी १०० जणांना खरोखर त्रास आहे असं धरा. चाचणी त्यातल्या ८० टक्क्यांना पकडते आणि निरोगी मुलांपैकी १० टक्क्यांना चुकून पकडते. म्हणजे ८० खरे आणि ९० खोटे. ९० घरांत विनाकारण घबराट! आणि या १७० मुलांना पुढे भेटणार कोण, एकटा समुपदेशक?

सरसकट कार्यक्रमांचा अनुभवही फारसा चांगला नाही. ब्रिटनमधल्या शाळांत झालेल्या 'मायरियड' या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्गातल्या सगळ्याच मुलांना माइंडफुलनेस (मन आत्ताच्या क्षणावर ठेवण्याचा सराव) शिकवून नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

खडूफळा
सरसकट चाळणी नको, हे मान्य. पण मी निदान करा म्हणतच नाही. शिक्षकाने पालकांना "तो डिप्रेस्ड वाटतो" असं सांगूच नये. "दोन आठवड्यांत चार वेळा डोकं दुखतं म्हणून वर्गाबाहेर गेला, मधल्या सुट्टीत एकटा बसतो, वही अर्धवट असते. घरी काय दिसतं?" असं विचारावं. दिसलं तेवढंच सांगायचं आणि शेवटी प्रश्न ठेवायचा. आरोप नसला की पालक ऐकतात.

अनुस्वार
शाळेत जायलाच घाबरणाऱ्या मुलांबद्दल कुणीच बोललं नाही, आणि पालक सर्वांत एकटे पडतात ते तिथेच. मूल रडतं, पालक मायेपोटी घरी ठेवतात, लगेच सुटका होते. त्या सुटकेनेच भीती पक्की होते, दुसऱ्या दिवशी पाऊल आणखी जड.

इथे शाळेने पालकांसोबत बसून पायऱ्या लिहून काढाव्यात. आधी फाटकापर्यंत, मग ओळखीच्या शिक्षिकेसोबत ग्रंथालयात एक तास, मग आवडीचा एक तास वर्गात, मग अर्धा दिवस. भीती उतरेपर्यंत त्याच पायरीवर थांबायचं. हे फसतं ते शाळेमुळेच: मूल रडलं की लगेच "घेऊन जा" असा फोन, किंवा परतल्या दिवशी बुडालेल्या अभ्यासाचा ढीग. पण कारण दादागिरी किंवा वाचनातली अडचण असेल तर आधी ते सोडवा. मार खायला पायरीपायरीने पाठवणं हा क्रूरपणा आहे.

शेवटचाबाक
तुम्ही सगळे पालक म्हणजे मदतनीस असं गृहीत धरता. काही घरांत त्रासाचं मूळच पालक असतात. समुपदेशकाला सांगितलेलं घरी पोचलं आणि मार बसला, तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. शाळा पालकांच्या जितकी जवळ जाईल तितकी ती मुलांना परकी होईल.

खडूफळा
म्हणूनच पहिल्याच भेटीत मुलाला आणि पालकांना एकच नियम सांगायचा: बोलणं खाजगी राहील. अपवाद तीन: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, कुणाकडून होणारा छळ. घरी सांगावं लागलं तर काय आणि कोणत्या शब्दांत, हे आधी मुलाशी ठरवायचं. छळ घरातूनच होत असेल तर निरोप घरी जात नाही, बालसंरक्षण यंत्रणेकडे जातो.

मधलीसुट्टी
नियम चांगला आहे. पण पालकांना आत्महत्येबद्दल थेट विचारायला शिकवणार? मुलाच्या डोक्यात नसलेलं भरवलं जाईल.

अनुस्वार
विचारल्याने धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. "कधी जगूच नये असं वाटतं का?" असं शांतपणे विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. "हो" आलं तर ओरडणं नाही, उपदेश नाही. मुलाला एकटं सोडायचं नाही, घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे व्याख्यानातून येत नाही. आठ-दहा पालकांच्या गटात जोडीने ते वाक्य मोठ्याने म्हणून बघावं लागतं.

मधलीसुट्टी
असा गट समुपदेशकाने घेतला तर माझी हरकत नाही. वर्गशिक्षकाच्या गळ्यात टाकला तर आहे.