"आधी स्वतःकडे लक्ष द्या" हे सत्तरीतल्या काळजीवाहूंना सांगणं आता पुरे

सांजवेळ :
गेल्या आठवड्यात 'रोजनिशी' यांची पोस्ट जो तो पुढे ढकलत होता. घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्या ज्येष्ठांसाठी दहा सोप्या सवयी. रोज पाऊण तास चाला, आठ तास झोपा, ताटात पाच रंग असू द्या, आणि शेवटी 'वेळ मिळत नाही ही सबब आहे, मनात आणलं की वेळ निघतो'. एका मैत्रिणीने तर 'आईला दाखव' असं लिहून पाठवली. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तरच लिहिते.

आई बहात्तरची आहे. बाबांच्या किडन्या जेमतेम चालतात, त्यात अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. प्रोटीन मोजून, मीठ बेताचं, आणि गिळताना ठसका लागतो म्हणून सगळं कुस्करून मऊ. आईचे गुडघे गेलेत, दोन वेगळे स्वयंपाक तिच्याने होत नाहीत, त्यामुळे जे बाबांचं तेच तिचं. त्यांना चमच्या-चमच्याने भरवेपर्यंत तास उलटतो, मग ओट्याशी उभ्या उभ्याच त्यांच्या वाडग्यात उरलेलं ती संपवते, टाकायचं कशाला म्हणून. पासष्टीपुढच्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं असं प्रॉट-एज या तज्ज्ञगटाने २०१३ सालीच सांगून ठेवलंय, आणि डायलिसिसवर नसलेल्या किडनीच्या पेशंटला बऱ्याचदा ०.६ च्या आसपास ठेवतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला कमीत कमी ५५ ग्रॅम हवं तिथे ३३ वर भागवायचं, आणि वर एका मोठ्या माणसाला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर करायचं. अंगठी बोटातून गळायला लागली तेव्हा तिने आतून दोरा गुंडाळला आणि विषय संपवला. दवाखान्यात बाबांचं वजन दर वेळी होतं, काटा समोरच असतो, तिला 'तुम्हीही उभ्या राहा' असं आजवर एकाही डॉक्टरने म्हटलेलं नाही.

ओळखीच्या एका काकूंकडे हेच दुखणं आहे, वयही तेच. पण त्यांना दिवस-रात्र पगारी मदतनीस परवडते, त्या टेबलाशी बसून गरम जेवतात आणि दुपारी पडतात. हा मनात आणण्याचा फरक आहे का? तसं असेल तर रोजनिशी यांनी स्पष्ट लिहावं.

रोजनिशी :
पोस्ट माझी, तेव्हा उत्तर देणं आलंच. ताई, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही दहा मुद्द्यांतलं एक वाक्य उचललंत आणि त्यावरून झोडपलंत. मी स्वतः अडुसष्ट वर्षांचा, बायकोला पार्किन्सन्स, घरात मदतनीस नाही, मी काही श्रीमंत नाही. ती सकाळी उशिरा उठते तेवढ्यात मी चालून येतो. ठरवलं म्हणून जमतं. आजूबाजूला मी बघतो ते असं की स्वतःचे हाल करून घेण्यालाच लोक सेवा समजतात, विशेषतः बायका. शेवटी जेवा, उरलेलं जेवा असं त्यांना कुणी सांगितलंय? यात पैशाचा संबंध कुठे आला?

दुसरीपाळी :
"कुणी सांगितलंय" वाचून अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यभर सगळ्यांचं झाल्यावर जेवलेल्या बाईने सत्तरीला, नवरा अंथरुणाला खिळलेला असताना, अचानक आधी जेवायला शिकायचं? आणि पैशाचा संबंध हवाय ना, घ्या. माझ्या सासूबाईंनी नोकरी मुलांसाठी मध्येच सोडली, त्यामुळे पेन्शन नाही, जे आहे ते सासऱ्यांचं. सासऱ्यांची औषधं, त्यांची पौष्टिक पावडर, सगळं वेळेवर येतं. स्वतःची बीपीची गोळी मात्र त्या एक दिवसाआड घ्यायच्या, पाकीट पुरवायला, आम्हाला पत्ताच नाही, चक्कर येऊन पडल्या तेव्हा कळलं. तुमची बायको उशिरा उठते, सासरे रात्री दर दोन तासांनी उठवतात. चालायला कधी जायचं तेही सांगा.

आकडेमोड :
भावना समजू शकतो, पण 'काळजी घेणारे खंगतात' हे गृहीत धरून सगळे बोलताय. अमेरिकेतल्या रिगार्ड्स या मोठ्या पाहणीत साडेतीन हजार काळजीवाहूंची तब्येतीने-परिस्थितीने जुळणाऱ्या तितक्याच इतरांशी तुलना केली होती, २०१३ ला प्रसिद्ध झाली. साधारण सहा वर्षांत काळजीवाहूंचा मृत्युदर उलट १८ टक्क्यांनी कमी निघाला. कुठल्याच उपगटात तो वाढलेला दिसला नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडण्याने माणूस टिकतो, हालता राहतो, हेही खरं असू शकतं. प्रत्येकाला बिचारं ठरवू नका.

सांजवेळ :
तो अभ्यास मला माहीत आहे. त्यात पंचेचाळिशीपासूनचे लोक आहेत आणि आठवड्यातून थोडा वेळ आईकडे जाऊन येणाराही काळजीवाहूच. मी बोलतेय ती त्याच घरात चोवीस तास असणाऱ्या म्हाताऱ्या जोडीदाराबद्दल. त्यासाठी १९९९ चा शुल्झ आणि बीच यांचा अभ्यास बघा, सगळे ६६ ते ९६ वयाचे, जोडीदाराचं करणारे. ज्यांनी ताण होतो असं सांगितलं त्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका कुणाचं करावं न लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त. ज्यांनी ताण नाही सांगितलं त्यांचा वाढला नाही. म्हणजे आजाऱ्याचं करणं एकच, काहींना ते झेपतं आणि काहींना संपवतं, आणि कुणाला संपवतं हे बघायचं तर घरातला पैसा, जागा, रात्रीला दुसरं कुणी आहे का, हे बघावं लागेल.

शिवाय मेलं नाही म्हणजे बरं चाललंय असं थोडंच आहे? १९९५ साली कीकोल्ट-ग्लेझर या संशोधिकेने डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या नातेवाइकांचं करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली होती. असं कुणाचं करावं न लागणाऱ्या बायकांपेक्षा त्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले.

आकडेमोड :
१३ बायका म्हणजे फारच लहान गट, त्यावर इमारत उभी करू नका. ६६ च्या पुढचा मुद्दा मात्र ठीक आहे, वयाचा फरक आहे हे मान्य. बाकी माझं मत कायम.

पंच्याहत्तरी :
मी सहसा लिहीत नाही. इथे सगळं बायकांबद्दल चाललंय म्हणून लिहितो. पत्नीला डिमेन्शिया आहे, ती मला कधी ओळखते कधी नाही. मला स्वयंपाक येत नाही, कधी करावाच लागला नाही. पहिलं वर्ष मी चहा, बिस्किटं आणि ब्रेड यावर काढलं, तिच्यापुरतं शेजारून यायचं. पँट कमरेत राहीना, पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. मुलीने बघितलं तेव्हा ती रडली. पुरुष काळजीवाहूंना खायला कोण घालतं, हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

दुसरीपाळी :
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण राग आल्याशिवाय राहत नाही. पंचाहत्तर वर्षांत कधी करावाच लागला नाही, म्हणजे कुणीतरी तेवढी वर्षं केला. आता त्या आजारी पडल्यावर 'आम्हाला कोण घालतं' असं विचारता? शिकायचं होतं.

रोजनिशी :
हे अति झालं. माणूस मनातलं सांगतोय आणि तुम्ही त्याला कोर्टात उभं करताय. मी साठीनंतर शिकलो, येतं.

दुसरीपाळी :
मग तेच म्हणतेय ना! तुम्ही शिकलात तर येतं. माझे वडील आई आजारी असताना गॅस पेटवायचा कसा हेसुद्धा मला फोन करून विचारायचे, मी नोकरीवर. मुलगे शेजारच्या खोलीत असायचे, त्यांना विचारत नसत. ती माझी वर्षं कुणी मोजली? पुरुषाला जेवण करता न येणं हा आजार नाही, ती सोय आहे आणि तिचं बिल नेहमी एखाद्या बाईच्या नावाने फाटतं.

पंच्याहत्तरी :
तुम्ही म्हणता ते चूक नाही. पण मला लाज वाटते म्हणून मी आणखी एक वर्ष उपाशी राहू का? शिकवा म्हणतोय. मऊ डाळ कशी शिजवायची, किती पाणी, एवढंच.

ओलावा :
विषय कुठल्या कुठे गेला. माझ्या भावाने तर आई-बाबांना 'ऑनलाइन जेवण मागवा' म्हणून अॅप टाकून दिलं आणि स्वतःला मोकळं केलं. ओटीपी आला की आई घाबरून फोन बंद करते. लांब राहणाऱ्या मुलांनी सल्ले देणं बंद केलं तरी निम्मा ताण जाईल.

दुसरीपाळी :
ओलावा +१. काका, १ वाटी डाळीला ३ वाट्या पाणी, अर्धा तास भिजवून कुकरला ४ शिट्ट्या. डावानेच घोटा, मिक्सर नको. अडलं तर विचारा, मी सांगेन.

आहारवेडी :
मी आहारतज्ज्ञ आहे, दोन-तीन गोष्टी कामाच्या सांगते, भांडण नंतर चालू द्या.

सांजवेळ, आईंना दुसरा स्वयंपाक लागणार नाही. शिजल्यावर, कुस्करायच्या आधी त्यांचा वाटा वेगळा काढायचा, आणि त्यातच अंडं, दही, घट्ट डाळ जे चालतं ते घालायचं. सगळं प्रोटीन एकाच वेळच्या जेवणात नको, तिन्ही वेळांत वाटून. आणि बाबांना भरवायच्या आधी त्यांनी खायचं, नंतर नाही, कारण भरवून दमल्यावर भूक मरते. वयामुळे ती आधीच मंदावलेली असते, तहानही.

सहा महिन्यांत न ठरवता वजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टरकडे न्यायचंच, ५५ किलोला ते पावणेतीन किलो होतात. अंगठीला दोरा लागला म्हणजे तिथवर आलं असावं. आणखी एक घरी करण्यासारखं : खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठा-बसायला १५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर स्नायूंची ताकद कमी झालीय असं समजतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या, त्याने ते कमी होतं आणि थकवा 'सेवेचा' समजून सोडून दिला जातो.

आणि रोजनिशी, वृद्धांचं पोषण तपासायच्या एमएनए फॉर्मच्या छोट्या आवृत्तीत 'गेल्या तीन महिन्यांत मानसिक ताण किंवा अचानक उद्भवलेला आजार झाला का' हा प्रश्न आहेच. ताणाचा कुपोषणाशी संबंध आहे हे आमच्या कागदावर कधीचं लिहिलेलं आहे. फक्त तो कागद पेशंटसाठी भरतात, पेशंटला घेऊन आलेल्या बाईसाठी नाही.

रोजनिशी :
'सबब' शब्द काढतो, पोस्ट बदलतो. चालण्याचा मुद्दा काढणार नाही, तो मला जगवतोय. पण ज्यांना रात्रीची झोपच नाही त्यांना तो आधी सांगू नये, इतपत मान्य. दुसरीपाळी यांच्या भाषेबद्दल माझा आक्षेप तसाच आहे.

दुसरीपाळी :
राहू द्या तसाच.

सांजवेळ :
आहारवेडी, खूप आभार, वाटा आधी काढायचं आजपासून सुरू केलं. बाबांच्या पुढच्या व्हिजिटला आईचा वेगळा नंबर लावतेय, तिची स्वतःची फाइल काढायला. फी दुप्पट जाईल, तपासण्यांचे वेगळे, आणि त्या दोन तासांत बाबांपाशी बसायला मला रजा टाकावी लागेल. माझं हे जमतंय कारण मला पगारी रजा आहे. जिला मुलगीही नाही आणि दुप्पट फीही परवडत नाही तिने काय करायचं, याला इथे अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही, रोजनिशी यांनीही नाही.