बेटावरच्या स्टडी टूरला गेलेल्या सोलापूरकरांनो, काय बघितलं ते लिहा

आमच्या जुन्या कॉलेजात यंदा टीवायची अंदमान टूर रद्द करायचं चाललंय. खर्च लै होतो, जबाबदारी कोण घेणार, त्यापेक्षा प्रोजेक्टरवर व्हिडिओ दाखवू, असं मीटिंगमध्ये कुणीतरी बोललं म्हणे. ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. म्हणून जे जे अभ्याससहलीला अंदमान किंवा लक्षद्वीपला गेलेत त्यांना विनंती, काय बघितलं ते लिहा, मोठं झालं तरी चालेल, सगळ्याची प्रिंट काढून मी स्वतः नेऊन देणार आहे. सुरुवात माझ्यापासून.

झूलॉजी, २०१० ची टूर

सोलापूर स्टेशनवरून चेन्नईची गाडी आणि तिथून जहाज, साधारण १२०० किलोमीटर, जवळपास तीन दिवस नुसतं पाणी. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी समुद्र आधी बघितलाच नव्हता, पाणी म्हणजे कंबर तलाव नाहीतर हिप्परगा. पहिल्या रात्री बंक क्लासमध्ये सगळे आडवे, उलट्या, कुणाला काही जात नव्हतं, घरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी तेवढी पोटात टिकली. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम नाव झालंय) डिसेंबरात पहाटे सव्वापाचला फटफटलेलं असायचं आणि संध्याकाळी पाचलाच सूर्य बुडायचा, घड्याळ मात्र सोलापूरचंच. रेखांश म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, दहावीला पाठ केलं होतं तेव्हा नाही.

आता मुख्य सांगते. वंडूरहून बोटीने जॉली बॉय बेटावर नेलं, ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं, प्लॅस्टिकची एक पिशवी पण नेऊ देत नाहीत. मी सेकंड इयरपासून प्रवाळाच्या (कोरल, समुद्रातला प्राणी) आकृत्या काढत होते, रंगीत पेन्सिली वापरून, मॅडमनी वहीवर छान लिहिलेलं. मास्क लावून तोंड पाण्यात घातलं आणि खाली सगळं करडं. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचा समुद्र तापला होता आणि प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. प्रवाळाच्या अंगात बारीक शैवाल राहतं, त्याचं बरंचसं अन्न आणि रंग त्यातूनच येतो, पाणी बरेच दिवस गरम राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो, आणि पाणी लवकर थंड झालं नाही तर उपाशी मरतो. हे मी परीक्षेत लिहून पाच पैकी पाच मार्क घेतले होते. तिथं शिंगासारख्या फांद्यांवर शेवाळाचा मऊ थर बसलेला आणि एका फांदीच्या बुडाशी तपकिरी पट्टा, दोन बोटं रुंद, तेवढा जिवंत. मॅडमनी पाण्यातच माझा हात धरून त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. वर आल्यावर कुणी बोललं नाही बराच वेळ.

जाहिरातीच्या व्हिडिओत मेलेला प्रवाळ दाखवत नाहीत. म्हणून पोरांना तिथं न्यायला पाहिजे.

भूगोल विभाग, मोहोळकडचा

ताईंनी समुद्राचं लिहिलं, मी जमिनीचं लिहितो कारण मी शेतकऱ्याचा पोरगा. आम्ही २००७ ला गेलो होतो, त्सुनामीला तीन वर्षं पण झाली नव्हती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिणेकडची जमीन खचली आणि उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला, तिकडं प्रवाळ पाण्याबाहेर उघडे पडून मेले. अगदी दक्षिणेचं इंदिरा पॉइंट तर चार मीटरच्या आसपास खाली गेलं. पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाट म्हणून भाग आहे, सरांनी तिथं बस थांबवली आणि म्हणाले, ही भातशेती होती. बघतो तर खाडी. मधे मधे वाळलेल्या झाडांचे नुसते बुंधे उभे आणि पाण्याखालून बांध दिसत होता बांध, सरळ रेघ, आपल्या बांधासारखाच. आमच्याकडं पाणी नाही म्हणून शेत पडीक पडतं आणि इथं पाणी आलं म्हणून गेलं. मी हात घालून पाणी जिभेला लावलं, खारट. वडिलांना एसटीडीवरून सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, त्या माणसाचं पुढं काय झालं रे. मला माहीत नव्हतं. पण तो प्रश्न मला सरांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा वाटतो अजून.

पूर्व भाग, बीएस्सी

छोटाच अनुभव. आमच्या घरी तेलुगू बोलतात, कॉलेजात मी ती कधी वापरत नव्हतो, लाज वाटायची. पोर्ट ब्लेअरला जंगलीघाटच्या मासळी बाजारात सर्व्हे होता, कोणते मासे, कुठून, केवढ्याला. हिंदीत विचारलं तर उत्तरं तुटक. मग एक आजी शेजारणीशी तेलुगूत बोलली आणि मी त्यातच उत्तर दिलं. पुढचे दोन तास आमच्या ग्रुपला सगळ्यांनी बसवून घेतलं, पाटीतला एकेक मासा उचलून नाव सांगितलं, जाळं कोणतं, कोणत्या महिन्यात मिळतो सगळं. सगळ्यात भरलेली वही आमची होती.

निवृत्त प्राध्यापक

मी सहा वेळा मुलांना घेऊन गेलो, त्यामुळे जबाबदारी काय असते ते मला विचारा. दोन गोष्टी लिहितो.

एकदा परतीच्या आदल्या संध्याकाळी एका मुलाच्या बॅगेत प्रवाळाचे तुकडे आणि शंख सापडले. बहिणीसाठी घेतले होते त्याने. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा सुद्धा आणायचा नसतो. पण मी कायदा नंतर सांगितला. आधी त्याला किनाऱ्यावर नेलं आणि आम्ही दोघं उकिडवे बसून राहिलो. दहाएक मिनिटांनी हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, निघाले, एकाच्या पाठीवर शंखाऐवजी बाटलीचं निळं झाकण होतं, त्यात त्याचं अंग मावत नव्हतं, मागचा मऊ भाग उघडाच. पोराने न बोलता बॅग वाळूवर रिकामी केली.

दुसरं, बाराटांग बेटाकडचा रस्ता जारवा आदिवासींच्या जंगलातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने तो बंद करायला २००२ मध्येच सांगितलं होतं. मुलांचा आग्रह असायचा, चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे, अभ्यासाचंच आहे सर. मी एकदाही नेलं नाही. वाटेत माणसं दिसतील म्हणून खिडकीला डोळे लावून बसणं हा अभ्यास होत नाही. खारफुटी आम्ही जवळच्या खाडीत बघितली, तेवढ्यात काही अडलं नाही.

जुळे सोलापूर, लक्षद्वीपला गेलेली

आम्ही कवरत्तीला गेलो होतो, कोचीहून जहाजाने. भारतीयांना सुद्धा परमिट लागतं, त्यातच दोन महिने गेले. सगळं लक्षद्वीप मिळून ३२ चौरस किलोमीटर, आपल्या महापालिकेच्या हद्दीत अशी चार-पाच मावतील. नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूतून मुरतं आणि खाली खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं, तेच विहिरीत येतं, जास्त उपसलं की खालून खारं वर येतं. तिथं २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट आहे, रोज १ लाख लिटर, वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने ती वाफ थंड करायची. आम्ही चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावची पोरं, त्या प्लांटच्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलो. मी आज पाण्याच्याच क्षेत्रात काम करते ते त्या ओंजळीमुळं.

एक आई

मुलीच्या फोनवरून लिहिते, चुकलं तर समजून घ्या. मी विडी कामगार. टूरला चौदा हजार भरायचे होते, बचत गटातून उचलले, शेजारणी म्हणाल्या पोरीच्या जातीला एवढ्या लांब कशाला. मी समुद्र बघितलेला नाही अजून. पोरगी आली ती रिकाम्या हातानं, शंख नाही शिंपला नाही, म्हटली आणायचा नसतो. मी म्हटलं बरं, मग सांग तरी काय बघितलं. तर म्हणाली आई तिथं कांदळाचं झाड असतं, त्याचं बी झाडावर असतानाच उगवतं, लांब शेंग होते आणि मग सुटून खाली चिखलात टोकावर पडते आणि उभी राहते. मला काही कळंना. मांडीवरचं सूप तसंच, पानं कापत होते मी. मग तिनं भाजीतली शेवग्याची शेंग घेतली, तुळशीच्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतून चिखल केला आणि वरून सोडली. दोनदा आडवी पडली. तिसऱ्यांदा रुतली, उभी राहिली.

दोन दिवस ती शेंग तशीच होती कुंडीत. मी भाजीला काढली नाही.